खाद्ययात्रेतील मुक्काम आणि सांगलीचे विश्रामबाग

तीर्थयात्रेला निघालेला माणूस देवळाचे शिखर दिसेल अशा ठिकाणी उतरतो, व्यापारी पेठेलगत उतरतो आणि रुग्णाचे नातेवाईक रुग्णालयासमोर. केवळ खाण्यासाठी गावाला निघालेल्याने मात्र कोठे उतरावे, हे क्वचितच नीट मांडले जाते. एखाद्या गावाचे अन्न त्या गावात, त्याच्या ठरलेल्या वेळी आणि ऋतूत खाणे, हा ज्या प्रवासाचा मुख्य हेतू असतो त्याला खाद्ययात्रा म्हणता येईल. अशा प्रवासातील मुक्कामाची निवड हे एक स्वतंत्र शास्त्र नसले, तरी त्याला काही नियम निश्चित आहेत. त्यांच्या विवेचनासाठी सांगली शहराचे विश्रामबाग हे उपनगर सोयीचे उदाहरण ठरते.

प्रथम शब्दांचा उलगडा आवश्यक आहे. ‘हॉटेल’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ ‘होस्पेस’ या लॅटिन शब्दात असून पाहुणा आणि यजमान असे त्याचे दोन्ही अर्थ होतात. ‘हॉस्पिटल’ हा शब्दही त्याच कुळातला. मराठीत शिरताना मात्र या शब्दातून निवासाचा अर्थ बराचसा गळून पडला आणि हॉटेल म्हणजे चहा-फराळाचे किंवा जेवणाचे ठिकाण, असा अर्थ रूढ झाला. राहण्याच्या जागेला आपण लॉज म्हणू लागलो. परिणामी सांगलीच्या रस्त्यावर ‘हॉटेल’ अशी पाटी पाहून बॅगा घेऊन आत शिरणाऱ्या परगावच्या माणसाला समोर फक्त टेबले आणि गल्ला दिसण्याची शक्यता अधिक. याशिवाय खाणावळ, धर्मशाळा, भक्तनिवास, शासकीय विश्रामगृह आणि अलीकडचे घरगुती निवास असे आणखी प्रकार आहेत. खाद्ययात्रेकरूच्या दृष्टीने या सर्वांचे दोनच वर्ग पडतात: ज्यांना स्वतःचे स्वयंपाकघर आहे ते आणि ज्यांना नाही ते. दुसऱ्या वर्गाकडे कमीपणाने पाहण्याचे कारण नाही. ज्या लॉजला स्वयंपाकघर नसते, तेथील व्यवस्थापक जवळ चांगले काय मिळते हे मोकळेपणाने सांगतो.

तारांकनाविषयीही असाच एक गैरसमज आहे. भारतात हॉटेलांचे तारांकन केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीत होते आणि ते खोल्या, सोयी, स्वच्छता व सुरक्षा यांसंबंधीचे असते. शेजारच्या गल्लीत भाकरी कशी मिळते, याची नोंद त्यात नसते. पाकसिद्धीसाठी दिले जाणारे प्रसिद्ध तारे निराळे. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून तिच्यात भोजनगृहांना तारे देण्यास आरंभ केला. लोकांनी अधिक प्रवास करावा आणि टायर झिजावेत, हा त्यामागचा साधा व्यापारी हिशेब होता. त्यातून एक मोलाची कल्पना मात्र रुजली, ती म्हणजे एखाद्या भोजनासाठी वाट वाकडी करणे हा प्रवासाचा पुरेसा हेतू असू शकतो.

आता स्थळाकडे वळू. सांगली आणि मिरज ही दोन शहरे आठ-नऊ किलोमीटर अंतरावर असून कुपवाडसह त्यांची एकत्रित महानगरपालिका १९९८ मध्ये अस्तित्वात आली. विश्रामबाग या दोहोंना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये स्थापन केलेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ मध्ये सुरू झालेले, पुढे वालचंद यांचे नाव लाभलेले अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात आहेत. विद्यार्थ्यांची वस्ती असली की मेस, नाश्त्याच्या गाड्या आणि उशिरापर्यंत उघडी असणारी चहाची दुकाने आपोआप येतात. येथून पश्चिमेला सांगलीची जुनी पेठ, म्हणजे गावभाग, हरभट रोड, कापड पेठ आणि मारुती रोड; तर पूर्वेला मिरज. शहर बस, रिक्षा किंवा वडाप यांनी दोन्हीकडे सहज जाता येते. वडाप हा शब्द परगावच्या वाचकाने लक्षात ठेवावा. माणसे भरेपर्यंत थांबणारे आणि भरल्यावरही थोडे थांबणारे ते वाहन होय.

दोन्ही दिशांचे अन्नसंस्कार वेगळे आहेत, आणि हे मध्यस्थान म्हणूनच मोलाचे. सांगली ही पटवर्धनांची राजधानी, कृष्णाकाठची व्यापारपेठ आणि ‘नाट्यपंढरी’. विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ येथेच १८४३ मध्ये झाले. ब्राह्मणी, जैन, मराठा आणि लिंगायत स्वयंपाकांचे येथे शेजार आहेत. दक्षिण भारत जैन सभा १८९९ मध्ये स्थापन झाली आणि तिचे कार्य सांगलीशी निगडित राहिले. कांदा-लसणाविना जेवण मागितले, तर येथे कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या दिशांचे मार्ग तेथे मिळतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयापासून, म्हणजे १८९४ पासून, ते वैद्यकीय उपचारांचेही केंद्र आहे. ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याचा परिसर, सतारी घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती आणि कर्नाटकाची जवळीक या सर्वांचा तेथील खाण्यावर ठसा आहे. मिरजेतील पुष्कळ लॉज रुग्णांच्या नातेवाइकांनी भरलेले असतात. हॉटेल आणि हॉस्पिटल यांचे जुने नाते तेथे अक्षरशः पाहावयास मिळते. अशा ठिकाणी केवळ जिभेच्या हौसेसाठी खोली अडवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुक्काम निवडताना नकाशापेक्षा घड्याळ अधिक उपयोगी पडते. दुपारचे जेवण कोठेही जाऊन करता येते, कारण दुपारी वाहने मिळतात आणि अंगात उत्साह असतो. खरी कसोटी पहिल्या आणि शेवटच्या खाण्याची असते. सकाळी सात वाजता गरम उप्पीट, पोहे, शिरा किंवा कटवडा हवा असेल आणि त्यासाठी आंघोळ करून चार किलोमीटर जायचे असेल, तर तो बेत दुसऱ्या दिवशी हटकून चुकतो. रात्रीचेही तसेच. तांबडा-पांढरा रस्सा, सुके मटण आणि भाकरी असे जेवण झाल्यावर माणसाला रिक्षा शोधण्याची इच्छा उरत नाही. म्हणून ज्या दोन वेळांचे खाणे आपल्याला सर्वांत महत्त्वाचे वाटते, त्या ठिकाणांपासून पायी दहा मिनिटांच्या आत खोली घ्यावी. या वर्तुळाला ‘भोजनपरिघ’ असे नाव देता येईल. विश्रामबागच्या शंभर फुटी रस्त्याच्या आसपास उतरणाऱ्याला संध्याकाळ आणि रात्र हाताशी मिळते. ज्याला जुन्या पेठेतली सकाळ हवी आहे, त्याने सरळ गणपती मंदिराच्या बाजूला उतरावे. विश्रामबागचा आग्रह धरू नये.

दरपत्रकातील एक बाब येथे विशेष महत्त्वाची. केवळ खोलीचा दर, न्याहारीसह दर आणि दोन्ही जेवणांसह दर असे प्रकार सर्वत्र आढळतात. सामान्य प्रवाशाला न्याहारीसह दर सोयीचा असतो, खाद्ययात्रेकरूला तो बाधक. पैसे दिलेले आहेत या जाणिवेने माणूस खाली उतरतो, थंड पावाला लोणी लावतो आणि अकरा वाजता बाहेर पडतो, तेव्हा गावाची न्याहारी संपलेली असते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी हा प्रमाद मी स्वतः सलग तीन दिवस केला. चौथ्या दिवशी परतीच्या गाडीत सहप्रवाशाने त्या गावच्या मिसळीचे वर्णन केले आणि मला मान डोलावत बसावे लागले.

ऋतूचा विचार मुक्कामाइतकाच आधी करावा. हिवाळ्यात शाळूचा हुरडा, कृष्णाकाठची वांगी आणि नवा गूळ. फेब्रुवारीपासून तासगावच्या बाजूची द्राक्षे, आणि पुढे बेदाणा व हळद यांच्या सौद्यांचे दिवस. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हळद-गुळाची ही बाजारपेठ प्रत्यक्ष पाहण्यासारखी असली, तरी मार्केट यार्डाला खेटून खोली घेण्यापूर्वी विचार करावा. पहाटे मालमोटारींची ये-जा असते, आणि मिरचीची पोती उतरू लागली की वरच्या मजल्यापर्यंत ठसका पोहोचतो. पावसाळ्यात आणखी एक प्रश्न उभा राहतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि जुन्या पेठांत शिरले. विश्रामबागचा बराचसा भाग त्या मानाने उंचावर आहे. श्रावणात हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावरील संगमेश्वराची यात्रा गाठायची असेल, तरी रात्रीचे पाठ टेकणे उंच जागी असावे. गणेशोत्सवात मिरजेची विसर्जन मिरवणूक आणि तेथील स्वागत कमानी पाहण्यास मोठी गर्दी होते. अभियांत्रिकी प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांचे पालक विश्रामबागमध्ये येतात. या दोन्ही वेळी खोली आधी ठरवलेली बरी.

परिसरातील दूरच्या ठिकाणांसाठीही हा मुक्काम उपयोगी आहे. नरसोबाची वाडी येथून तासाभराच्या आत येते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील त्या दत्तक्षेत्री बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय भाविकही परतत नाहीत, मग आपण का परतावे? औदुंबरकडे निघालेल्याला वाटेत भिलवडी लागते. चितळ्यांच्या दुग्धव्यवसायाचा १९३९ मध्ये तेथेच आरंभ झाला. पौर्णिमेला दोन्ही क्षेत्री गर्दी असते.

खोली पाहताना गादी आणि दूरदर्शन संच यांच्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. शीतकपाट आहे काय, कारण वाडीची बासुंदी उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टिकणार नाही. बाहेरचे खाणे खोलीत आणू देतात काय. ताट, वाटी आणि सुरी मिळेल काय. भडंग विकत घेतले म्हणजे काम संपत नाही. मोठ्या, जाडसर चुरमुऱ्यांना तेल, लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता आणि तिखट लावून केलेला हा पदार्थ आयत्या वेळी चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू यांच्यासह खाल्ला जातो. खोलीत सुरी नसेल, तर तो अर्धाच खाल्ल्यासारखा होतो. उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसरा मजला शक्यतो टाळावा. कारण पुरणपोळीचे जेवण झाल्यावरच उमजते.

शेवटी वेळेचा करार. काही ठिकाणी खोली दुपारी बारा वाजता सोडावी लागते, तर पुष्कळ लॉजवर ‘२४ तास चेक-आउट’ अशी पाटी असते. मुंबईहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटेच सांगली आणि मिरज गाठते. तिने येणाऱ्यास दुसरी पद्धत लाभदायक. पहाटे सहाला खोली मिळते, तोंड धुऊन पहिल्या घाण्याच्या वड्याला वेळेवर पोहोचता येते आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वाजता निघता येते. परतीच्या सामानात भडंग वजनाला हलके पण आकाराला प्रचंड असते. पिशवी सर्वांत वर ठेवावी, तिच्यावर बॅग टाकू नये आणि बासुंदीचा डबा मांडीवर घ्यावा.