उधारीच्या वहीवर प्रोग्रामिंगचा सराव

पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथले कुरकुंभ. एमआयडीसीत रसायनांचे कारखाने, पाळ्या सुटल्या की रस्त्यावर गर्दी. इथल्या मुलांची वाट पूर्वी ठरलेली असे. आयटीआय करायचे आणि कारखान्यात लागायचे. आता त्याच घरांतून बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरला जाणारी मुले दिसतात, मुलीही दिसतात. आनंदाची गोष्ट आहे. पण पदवी हातात येते, फाइलमध्ये जावा-पायथनची प्रमाणपत्रे जमतात आणि मुलाखतीत विचारले जाते, “तुम्ही स्वतः काय बनवले आहे?” तिथे गाडी अडते. मग अब्बा पुन्हा पैशांची जुळवाजुळव करतात. पुण्यात नवा क्लास, खोलीचे भाडे, मेसचे पैसे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, हा खर्च करण्याआधी तीन महिने घरी सराव करून पाहावा. मुलाखत घेणारे नवशिक्याकडे तीन गोष्टी पाहतात: ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने प्रोग्राम लिहिता येतो का, तो तपासता येतो का म्हणजे टेस्टिंग, आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवता येते का म्हणजे व्हर्जन कंट्रोल. नावे परकी वाटतात, पण मुहल्ल्यातल्या किराणा दुकानात या तिन्ही गोष्टी उधारीच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. सरावाला तीच वही घ्यावी.

वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान असते. त्यावर नाव आणि बाकी. त्या पानावर करायची कामेही ठरलेली: उधार मांडायचे, जमा करायचे, बाकी काढायची. दुकानदार मनाला येईल तो आकडा बाकीत लिहीत नाही. बाकी बदलते ती फक्त उधार किंवा जमा यांमुळे. माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे अशी एकत्र बांधली की त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. पानाची कोरी आखणी म्हणजे क्लास आणि भरलेले प्रत्येक पान म्हणजे एक ऑब्जेक्ट. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या नॉर्वेच्या दोघांनी 1960 च्या दशकात सिम्युला ही भाषा तयार केली. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीचा उगम तिथला. खऱ्या जगातल्या हालचालींची नक्कल संगणकावर करून पाहणे हा त्यांचा हेतू होता. म्हणून सरावालाही खऱ्या जगातली, आपल्याला आतून-बाहेरून माहीत असलेली वस्तू घ्यावी. पुस्तकांतला भुंकणारा कुत्रा आणि म्याव करणारी मांजर यांचे क्लास हजारोंनी लिहिले आहेत. त्यातून कोणाला काय उमगते, देव जाणे!

पहिल्या आठवड्यात ‘खाते’ नावाचा एकच क्लास लिहावा. पायथनमध्ये क्लासचे आणि बाकीची नावे चक्क देवनागरीत देता येतात, आणि ‘५००’ असे मराठी अंक टाइप केले तरी पायथन त्यांचा आकडा करून देते. पुढे नोकरीत इंग्रजी नावेच वापरावी लागतील, पण विचार पक्का होईपर्यंत मराठी चालेल. इनहेरिटन्सची घाई नको. पगाराच्या दिवशी फेडणाऱ्या कामगाराला दुकानदार उधारीची मर्यादा घालून देतो. तसे ‘मर्यादेचे खाते’ हवे झाले की मूळ खात्यावरून नवा क्लास काढावा. गरज पडल्यावर शिकलेले डोक्यात राहते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र टेस्टिंगला द्यावा, कारण कॉलेजात याचा सराव सर्वांत कमी होतो. गणिताच्या जुन्या मास्तरांना उत्तराखाली ताळा लागायचा. टेस्ट म्हणजे तोच ताळा, फक्त तो संगणकाने करायचा. पायथनबरोबर युनिटटेस्ट नावाचे साधन आपोआप येते. त्यात लिहायचे: नव्या खात्याची बाकी शून्य असली पाहिजे. 500 उधार आणि 200 जमा, तर बाकी 300. उणे 50 रुपये उधार मांडू लागलो तर प्रोग्रामने नकार दिला पाहिजे. इथवर सोपे आहे. आता बाकी 300 असताना कोणी 350 दिले तर? वरचे 50 आगाऊ म्हणून ठेवायचे की परत करायचे? हे संगणकाला ठाऊक नसते, पुस्तकातही नसते. उठून दुकानदार चाचांना विचारावे लागते. चांगला प्रोग्रामर इथे घडतो, असे मला वाटते.

पैशांच्या बाबतीत एक सापळा आहे. पायथनला 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारा. उत्तर 0.3 येत नाही, 0.30000000000000004 येते. संगणक दोनाच्या पटीत मोजतो, त्यामुळे बरेचसे दशांश अपूर्णांक त्याला नेमके साठवता येत नाहीत. टेस्ट लिहिली असेल तर हे पहिल्याच दिवशी पकडले जाते, नसेल तर वर्षाअखेरीस हिशेब जुळत नाही. उपाय सोपा आहे: सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवायचा आणि दाखवताना रुपये करायचे. आणखी एक सवय लावून घ्यावी. टेस्ट उत्तीर्ण झाली की मुद्दाम बेरजेच्या जागी वजाबाकी करून पाहावे. तरीही ती उत्तीर्णच म्हणत असेल तर ती टेस्ट काही कामाची नाही.

आता नोंदीचे. जाणता मुनीम चुकलेला आकडा खरवडत नाही. त्यावर एक रेघ मारतो, शेजारी नवा लिहितो आणि सही करतो. आपली मुले मात्र ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘फायनल 2’, ‘खरंच फायनल’ अशा फायलींचा ढीग करतात. लिनक्सच्या कामासाठी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट हे साधन लिहिले, ते मुनिमाच्या रीतीचे आहे. प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला आणि कशासाठी, हे त्यात राहते. बदलाला कमिट म्हणतात. रोज एखादा छोटा कमिट करावा आणि त्याचा मजकूर नीट लिहावा. ‘बदल केले’ हा मजकूर नव्हे. ‘जास्त जमा झाल्यास आगाऊ रक्कम दाखवली’ हा मजकूर. मराठीत लिहिला तरी गिट कुरकुर करत नाही.

हे सगळे फुकट मिळते आणि जुन्या लॅपटॉपवर चालते. एकदा बसवून घेतले की नेटही लागत नाही. शिकायला आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे पाठ, त्यातले अनेक मराठीत. थोडे पाहायचे, थांबवायचे आणि लगेच स्वतः करायचे. हा प्रकल्प उभा करणारे प्रा. कन्नन मौदगल्य हे मुळात केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, हे कुरकुंभकरांना विशेष वाटावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट. मुलगी तासन्‌तास लॅपटॉपसमोर बसलेली असते, ती काय करते हे अम्मीला कळत नाही आणि शंका येते. तिला ‘गिट लॉग’ उघडून दाखवायला सांगावे. त्या दिवशी काय केले ते ओळीने, तारीख-वेळेसह लिहिलेले असते. दुकानाच्या रोजकीर्दीसारखे वाचता येते.

हेच काम गिटहबसारख्या ठिकाणी सर्वांना दिसेल असे ठेवले तर पुण्या-मुंबईत कोणाची ओळख नसलेल्या मुलालाही आपले काम दाखवता येते. पण खऱ्या गिऱ्हाइकांची नावे आणि बाकी तिथे कधीही चढवू नये. वही ही लोकांची अमानत असते. नंतर फाइल पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहते, कोणीही मागे जाऊन वाचू शकतो. म्हणून पहिल्या कमिटपासूनच नावे काल्पनिक घ्यावीत, आकडेही.