मुक्तागिरीच्या पलीकडचे मेळघाट

विदर्भातील जैन कुटुंबांची मुक्तागिरी यात्रा बहुधा एका दिवसाची असते. सकाळी परतवाड्याहून निघावे, पायऱ्या चढून बावन्न मंदिरांचे दर्शन घ्यावे, पूजा-अभिषेक करून जेवावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे, असा तिचा ठरलेला क्रम. ज्या सातपुड्याच्या कुशीत हे सिद्धक्षेत्र वसले आहे, तो डोंगर मात्र पाहावयाचा राहूनच जातो. यात्रेला आणखी दोन दिवस जोडले, तर महाराष्ट्रातील एक समृद्ध अरण्य पाहता येते. आणि जीवदयेचा एक वेगळा पाठही तेथे मिळतो.

मुक्तागिरी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात आहे. परंतु महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची वाट अमरावती, अचलपूर-परतवाडा अशी. साडेतीन कोटी मुनी येथून मोक्षास गेले, ही परंपरागत श्रद्धा. क्षेत्राचे दुसरे नाव मेंढागिरी. ध्यानस्थ मुनींसमोर उंचावरून कोसळलेल्या मेंढ्याला त्यांनी णमोकार मंत्र ऐकवला आणि तो देवगतीस गेला, अशी कथा सांगतात. एका तीर्थाची ओळख मुक्या पशूच्या नावाने व्हावी, ही गोष्ट पुढील प्रवासात ध्यानी ठेवण्यासारखी आहे. पावसाळ्यात मंदिरांच्या सान्निध्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा ही या क्षेत्राची आणखी एक शोभा.

परतवाड्याहून घाट चढला की चिखलदरा लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील हे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्यावरून चिखलदरा, अशी लोककथा आहे. महाराष्ट्रात कॉफीचे मळे असणारे हे विरळा ठिकाण. जवळच गाविलगड किल्ला आहे. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने तो जिंकला. त्याच्या तटावर उभे राहिले की खाली वऱ्हाडचे मैदान आणि मागे सातपुड्याच्या रांगा, असा दुहेरी देखावा दिसतो.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. महाराष्ट्रातील ते पहिले. त्याच्या अंतर्भागातील गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये घोषित झाले; त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. सागवान आणि बांबूच्या या वनातून खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या वाहतात व पुढे तापीला मिळतात. सेमाडोह आणि सिपनेकाठचे कोलकास ही मुक्कामाची ठिकाणे. वाघ दिसेलच असे नाही. पण रानगवा, सांबर, चितळ, रानडुक्कर यांचे दर्शन घडू शकते. आदिनाथांचा वृषभ, शांतिनाथांचे हरिण, विमलनाथांचा वराह ही लांछने मंदिरात पाहणाऱ्या मुलांना त्यांचे वनातील सगेसोयरे येथे दाखवावेत. रानपिंगळा या लहानशा घुबडाची कथाही त्यांना सांगावी. १८८४ नंतर तो शास्त्रज्ञांना दिसलाच नव्हता. नामशेष झाला असे मानले जात असता १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा आढळला, आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली.

येथेच जीवदयेची खरी कसोटी लागते. घाटात मोटार थांबवून वानरांना फुटाणे, बिस्किटे, केळी देणे आपल्याला पुण्यकर्म वाटते. परंतु त्यामुळे वानरे रस्त्यावर येऊन वाहनांखाली सापडतात, रानातले अन्न शोधण्याची त्यांची सवय मोडते आणि ती माणसांवर धावून येऊ लागतात. गावातील गोशाळेत वा पांजरपोळात घास देणे योग्यच. तेथील पशू माणसावर अवलंबून असतात. रानातला जीव स्वावलंबी असतो. त्याला अन्न नव्हे, अंतर द्यावयाचे असते. खाद्यपदार्थांचे रिकामे वेष्टन मागे न टाकणे, वेग आवरणे, आवाज न करणे हीच येथील यत्ना. पाऊल टाकण्यापूर्वी वाट पाहावी, हे ईर्या समितीचे तत्त्व मोटारीच्या चाकालाही लागू आहे.

ऋतूचा विचारही तसाच. चातुर्मासात जीवहिंसा टळावी म्हणून मुनी विहार थांबवतात. राज्यातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील सफारीही पावसाळ्यात साधारणतः बंद असतात. म्हणून धबधबे आणि धुके पाहावयाचे तर पावसाळ्यात मुक्तागिरी व चिखलदरा करावे; वनासाठी हिवाळा निवडावा. निघण्यापूर्वी वनविभागाकडे आरक्षण आणि नियमांची चौकशी अवश्य करावी. जंगलात उपाहारगृहे मोजकी असल्याने शुद्ध भोजन व गाळलेले पाणी सोबत असावे. सायंकाळी लवकर मुक्कामी पोहोचण्याचा वनाचा शिरस्ता सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांना सोयीचाच आहे.

हे वन राखण्याची किंमत काहींनी मोजली आहे. बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे वाघांसाठी जागा मोकळी करून बाहेर वसली. त्यांत प्रामुख्याने कोरकू आदिवासी होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर-शेत सोडणे हा लहान त्याग नव्हे. धारणीजवळच्या लवादा येथे बांबूच्या वस्तू बनवणारे संपूर्ण बांबू केंद्र आहे. व्यापारी कुटुंबांनी अशा ठिकाणी खरेदी करताना घासाघीस करू नये. कारागिराच्या श्रमाचे मोल व्यापाऱ्यास अधिक कळावयास हवे.

जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. मुक्तागिरीच्या पायऱ्यांवर ऐकलेले हे तत्त्व मेळघाटच्या वाटेवर पाळता आले, तर ते दोन दिवसही यात्रेतच गणले जावेत.