कोठा साफ कसा राहील?

ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. खोकला झाला तर शेजाऱ्यालाही कळतो. पण शौचाला साफ होत नाही, हे सांगायला माणूस लाजतो. बायामाणसे तर घरातही बोलत नाहीत. म्हणून हे दुखणे अंगावर काढले जाते. भूक मरते, पोट फुगते, कामात लक्ष लागत नाही. पुढे कुंथून कुंथून मूळव्याध होते. लाज जरा बाजूला ठेवून आज याची माहिती करून घेऊ.

बद्धकोष्ठ म्हणजे काय?

रोज सकाळी एकदा झालेच पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. कोणाला दिवसातून दोन-तीन वेळा होते, कोणाला एक दिवसाआड होते. शौच मऊ असेल आणि त्रास न होता होत असेल, तर काळजीचे कारण नाही. पण आठवड्यातून तीन वेळांपेक्षा कमी होते, कुंथावे लागते, खडे पडतात, होऊनही पोट मोकळे वाटत नाही, असे चालले असेल तर ते बद्धकोष्ठ. यालाच आपण कोठा धरला असे म्हणतो.

पोटात काय घडते?

खाल्लेले अन्न पोटातून लहान आतड्यात जाते. हे आतडे सुमारे २० फूट लांब असते. तेथे अन्नातला कस अंगाला लागतो. उरलेला पातळ चोथा मोठ्या आतड्यात येतो. ते सुमारे ५ फूट असते. ते चोथ्यातले पाणी शोषून घेते आणि मळ पुढे ढकलते.

ओला चिखल उन्हात पडून राहिला तर काय होते? त्याचे ढेकूळ होते. आतड्यातही तसेच घडते. मळ जितका वेळ आत राहील, तितके त्यातले पाणी कमी होते. मग तो कडक होतो आणि बाहेर पडताना त्रास देतो.

मळ का अडतो? चोथा कमी पडला, पाणी कमी पडले, अंगाला हालचाल नसली, किंवा परसाकडे लागले असताना माणसाने दाबून ठेवले, ही नेहमीची कारणे. दाबून ठेवण्याची सवय लागली की हळूहळू ती जाणीवच मंद होते.

एका सुनेची गोष्ट

एका घरी सुनेला पाचवा महिना होता. आठ-आठ दिवस तिचा कोठा साफ होत नसे. सासू जुन्या वळणाची, पण मायाळू होती. ती म्हणाली, “एरंडेल देते पोरी, मोकळी होशील.” त्याच दिवशी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या. त्या म्हणाल्या, “आजी, थांबा. पोटुशीला एरंडेल देऊ नका. त्याने कळा सुरू होऊ शकतात.”

मग त्यांनी सुनेला एकीकडे बसवून विचारले, “परसाकडे कधी जातेस?”

सून खाली मान घालून म्हणाली, “पहाटे अंधारात. सोबत कोणी नसलं तर जातच नाही. दिवसा लागू नये म्हणून पाणी बेतानं पिते. भाकरी पण अर्धीच खाते.”

“आणि दारातला संडास?”

“त्यात गोवऱ्या भरल्यात.”

हे ऐकून सासरा ओशाळला. त्याने त्याच संध्याकाळी गोवऱ्या बाहेर काढल्या आणि पाण्याची बादली भरून ठेवली. नर्सबाई जाताना म्हणाल्या, “लोहाच्या गोळ्या चालू ठेव. त्यांनी कोठा जरा घट्ट होतो, शौचही काळपट होते. त्याला भिऊ नको. पण गोळ्या सोडू नको. पाणी भरपूर पी, पालेभाजी खा. तरी त्रास राहिला तर केंद्रात ये.”

हे एकाच घरचे दुखणे नाही. सन २०१४ नंतर गावोगावी पुष्कळ संडास बांधले गेले. पण जेथे पाणी नाही, कडी नाही, किंवा आत कडबा भरला आहे, तेथे बाईला अंधाराचीच वाट पाहावी लागते. शाळेतल्या मुलींचेही तसेच होते. संडास घाण असला की त्या दिवसभर दाबून ठेवतात.

काय खावे?

चोथा असलेले अन्न खावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या अन्नपदार्थांचे तक्ते छापले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आहे. बाजरीत त्याहून थोडा जास्त आहे. पांढऱ्या सडीक तांदळात आणि मैद्यात मात्र तो ३ ग्रॅमपेक्षाही कमी आहे. म्हणजे भाकरी सोडून पाव-बिस्किटांवर राहिलो, तर आपणच आपला कोठा बिघडवतो.

भाकरी, कोंड्यासकट पिठाची पोळी, मेथी, शेपू, गवार, मोड आलेली मटकी, पेरू, पपई ही सगळी कोठ्याची औषधेच आहेत. उपासाच्या साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो. उपास असेल तर फळे खावीत. चोथा एकदम वाढवू नये. पोट फुगते. आठ-पंधरा दिवसांत बेताबेताने वाढवावा.

चोथ्याबरोबर पाणी हवेच. दिवसात आठ-दहा पेले पाणी प्यावे. उन्हात राबणाऱ्याने जास्त प्यावे. मात्र हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल, तर डॉक्टर सांगतील तितकेच प्यावे.

सवय कशी लावावी?

काही खाल्ले-प्याले की मोठे आतडे जागे होते. म्हणून न्याहरीनंतर पाच-दहा मिनिटे शौचाला बसावे. घाई करू नये, फार जोर लावू नये. उकिडवे बसणे चांगले. खुर्चीचा संडास असेल तर पायांखाली ठेंगणा पाट घ्यावा. बैठे काम करणाऱ्याने रोज अर्धा तास चालावे.

काही जण म्हणतात, “तंबाखू धरल्याशिवाय मला होतच नाही.” काही बाया मिश्रीचे तसेच सांगतात. तंबाखूने आतडे चाळवते हे खरे. पण त्याच तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. पोटासाठी तोंड गमावणे हा कसला सौदा?

जुलाबाचे औषध

वरचेवर जुलाब घेऊ नये. जुलाबाने कोठा पार रिकामा होतो. मग पुढे दोन दिवस होत नाही, हे साहजिकच आहे. पण माणसाला वाटते, पुन्हा कोठा धरला. तो पुन्हा जुलाब घेतो. असे चक्र सुरू होते.

इसबगोल त्या मानाने सौम्य आहे. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे. कोरडे कधी खाऊ नये. ते फुगून घशात अडकू शकते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पोटात जोराची कळ असताना जुलाब कधीही देऊ नये. आत आंत्रपुच्छ सुजले असेल किंवा आतडे अडले असेल, तर जुलाबाने जिवावर बेतते.

अंगावरच्या दुधावरचे बाळ कधी कधी चार-पाच दिवस शी करत नाही. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर घाबरू नये. त्याच्या गुदात पानाचा देठ किंवा साबणाची कांडी घालू नये. पण जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत शी झाली नाही, तर लगेच दवाखान्यात न्यावे.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

शौचातून रक्त पडले, वजन उतरू लागले, किंवा पन्नाशीच्या सुमारास शौचाची जुनी सवय एकाएकी बदलली, तर दवाखान्यात जावे. रक्त दिसले की मूळव्याधच असेल असे घरी ठरवू नये. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते, आणि तो वेळीच कळला तर बरा होऊ शकतो. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर त्याच घटकेला न्यावे. काही औषधांनीही कोठा धरतो. म्हणून घेत असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्या.

आणि घरी जाऊन एक काम करा. आपला संडास उघडून पाहा. आत पाणी आहे का? दाराला कडी आहे का? घरातल्या लेकीसुनांना तेथे केव्हाही बिनघोर जाता येते का? नसेल, तर आधी ते करा. घरातल्या पुष्कळ औषधांचा खर्च वाचेल.