दोन रेघा, पण गर्भ कुठे?

प्रजननसंस्थेचा धडा शिकवताना आपण फळ्यावर अंडाशय, अंडनलिका आणि गर्भाशय यांची आकृती काढतो. फलन नलिकेत होते आणि गर्भ गर्भाशयात रुजतो, असे सांगतो. या दोन घटनांच्या मध्ये सुमारे सहा-सात दिवस जातात, ते सांगायचे बहुधा राहून जाते. फलित अंड्याला स्वतःहून हलता येत नाही. नलिकेतल्या पक्ष्माभिका आणि भिंतीचे स्नायू त्याला गर्भाशयाकडे ढकलत नेतात. जंतुसंसर्गाने ही वाट खराब झाली असेल तर ते मध्येच अडकते आणि तिथेच रुजते. आपल्याकडे प्रजननमार्गाचा क्षयरोग हेही नलिका बिघडण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. शंभर गर्भधारणांपैकी एक-दोन अशा ‘अस्थानी’ असतात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नलिकेत असतात. गर्भाशय ताणले जाते. नलिका ताणत नाही, काही आठवड्यांत ती फाटू शकते.

टिटवाळ्यातल्या एखाद्या बाईची पाळी आठवडाभर चुकली आहे असे समजू. आशाताईंनी दिलेल्या ‘निश्चय’ किटवर दोन रेघा उमटल्या. किट खोटे बोलत नाही. पुढे वार बनवणाऱ्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात आणि किट तेच ओळखते. पण या पेशी कुठेही रुजल्या तरी एचसीजी तयार करतातच. दिवस गेले एवढे रेघ सांगते. गर्भाचा पत्ता सांगत नाही.

दोन दिवसांनी तिच्या ओटीपोटात एका बाजूला दुखू लागते, अंगावर थोडे डाग दिसतात. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसते. याचे अर्थ तीन: गर्भ अजून दिसण्याइतका मोठा नाही, गर्भपात झाला आहे, किंवा गर्भ दुसरीकडे आहे. एका चित्रावरून निवाडा होत नाही, म्हणून रक्तातले एचसीजी मोजतात आणि ४८ तासांनी पुन्हा मोजतात. सुरुवातीच्या निरोगी गर्भधारणेत ते एवढ्या वेळात निदान दीडपट तरी होते. गर्भपातात ते झपाट्याने उतरते. धड चढत नाही, धड उतरतही नाही, तेव्हा संशय बळावतो. अर्थात काही अस्थानी गर्भांत आकडे अगदी शहाण्यासारखे वाढतात, म्हणून सोनोग्राफीही पुन्हा करावी लागते. सोनोग्राफी म्हटले की काही घरांत कायद्याची भीती वाटते. गर्भलिंग-निदानाला बंदी आहे ती योग्यच. पण त्याच कायद्याखालील ‘एफ’ अर्जात तपासणीच्या मान्य कारणांची यादी आहे आणि गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर हे पाहणे, हे त्या यादीतले पहिलेच कारण आहे.

निदान लवकर झाले, नलिका फाटलेली नसली आणि एचसीजी फार चढलेले नसले, तर मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन पुरते. या औषधाची कुळकथा वर्गात सांगण्याजोगी आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख असताना, १९४०च्या दशकात, तिथे फॉलिक आम्लासारखी दिसणारी पण त्याचे काम अडवणारी द्रव्ये तयार झाली. मेथोट्रेक्सेट त्यांपैकी एक. डीएनए बनवायला फॉलिक आम्ल लागते, म्हणून वेगाने वाढणाऱ्या पेशी थांबतात. आधी रक्ताच्या कर्करोगावर वापरलेली ही युक्ती १९८२मध्ये जपानी डॉक्टरांनी अस्थानी गर्भावर वापरली. यात एक पेच आहे. गरोदरपणात आवर्जून दिली जाणारी फॉलिक आम्लाची गोळी इथे औषधाचाच परिणाम घालवते, म्हणून ती बंद करावी लागते.

इंजेक्शननंतरही चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात. या दोन दिवसांत एचसीजी १५ टक्के तरी उतरले पाहिजे. पुढे ते शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी असते आणि या काळातही नलिका फाटू शकते. म्हणून ‘राहता कुठे, रात्री वाहन मिळेल का’ हे डॉक्टरांचे प्रश्न वैद्यकीयच असतात. टिटवाळा आणि कल्याण यांच्यामध्ये आंबिवली आणि शहाड ही दोनच स्थानके आहेत. तरी पोटात असह्य कळ, भोवळ किंवा खांद्याच्या टोकाला दुखणे सुरू झाले तर लोकलची वाट पाहू नये, १०८ला फोन करावा. खांदा दुखतो तो पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला डिवचते म्हणून. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते, आणि मेंदू फसतो. बाहेर रक्त थोडेच दिसते. तरुण शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरते आणि मग एकदम कोसळते. अशा वेळी शस्त्रक्रियाच हवी. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३मध्ये फाटलेली नलिका काढून रोगी वाचवला, तोवर असा रोग बहुधा जीवच घेई. आता हे ऑपरेशन बरेचदा दुर्बिणीतून होते.

दोन गैरसमज मात्र अजून घात करतात. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस गेले, असे क्वचितच घडते. पण घडले तर गर्भ नलिकेत असण्याची शक्यता बरीच असते. दुसरे, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या नलिकेतल्या गर्भावर चालत नाहीत. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, घरचे निश्चिंत होतात आणि नलिका फुगत राहते.

एक नलिका गेली तरी दुसरी चांगली असेल तर पुढे मूल होऊ शकते. मात्र पुन्हा अस्थानी गर्भ राहण्याचा धोका दहात एक इतका असतो, म्हणून पुढच्या खेपेला पाळी चुकताच डॉक्टरांकडे जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून घेतात.