कापडाच्या ताग्यावरील चित्रलेबल : दृश्यरचनेचे वाचन

प्रास्ताविक : सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या नावांच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या कापडाच्या या युगात घडी घातलेल्या ताग्याच्या दर्शनी भागावर रंगीत चित्रलेबल चिकटवण्याची प्रथा होती. आज ही लेबले संग्राहकांच्या वह्यांत आढळतात. त्यांची दृश्यरचना कशी वाचावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानातील बाजारासाठी अशी लेबले मोठ्या प्रमाणावर छापून घेतली. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड वापरणाऱ्या रंगीत शिळाछपाईमुळे हे शक्य झाले. निरक्षर ग्राहकाला अक्षरांपेक्षा चित्र ओळखणे सोपे होते. त्यामुळे देवदेवता, राजे, वाघ व हत्ती हीच मालाची ओळख ठरली.

रचनेचे तीन स्तर : लक्ष्मीचे लेबल उदाहरणादाखल घेता येईल. पहिला स्तर मध्यवर्ती आकृतीचा. कमळावरील देवी समोर पाहते. डावी व उजवी बाजू समतोल असते. ही दर्शनाची मांडणी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या छापखान्यातील चित्रांमुळे ती घरोघरी परिचित झाली. दुसरा स्तर चौकटीचा. कमान, खांब व सोनेरी वेलबुट्टी यांमुळे कागदाच्या तुकड्याला देव्हाऱ्याचे रूप येते. तिसरा स्तर खालच्या पट्टीचा. तेथे व्यापाऱ्याचे किंवा गिरणीचे नाव, गाव व मालाचा क्रमांक असतो.

पहिले दोन स्तर श्रद्धेला आवाहन करतात, तर तिसरा व्यवहार सांगतो. परदेशी मालावरही देवी होती आणि देशी मालावरही. म्हणूनच १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या काळात केवळ चित्रावरून कापडाचे मूळ ठरवणे धोक्याचे होते. संशोधकासाठी ते आजही तसेच आहे. देवीची प्रतिमा दिसताच लेबल ‘स्वदेशी’ मानणे म्हणजे विक्रेत्याने योजलेला परिणाम पुरावा म्हणून स्वीकारणे होय. येथे निर्णायक ठरते ती खालची पट्टी. १८८९ च्या व्यापारी चिन्हविषयक कायद्यानुसार कापडावर लांबी यार्डांत छापणे आवश्यक झाले होते. लेबलाला चिकटून राहिलेल्या कापडावर असा शिक्का आढळल्यास तोही नोंदवावा.

निष्कर्ष : चित्र सुबक दिसावे म्हणून कडा कापल्यास लेबलातील सर्वांत मोलाची माहिती नष्ट होते. महाविद्यालयीन संग्रहात लेबल अखंड ठेवावे, मागील बाजूचेही छायाचित्र घ्यावे आणि ते कोठून मिळाले याची नोंद करावी. सोलापूरसारख्या गिरणगावात जुन्या पेढ्यांच्या व घरांच्या कपाटांतून अशी लेबले शोधणे, हा इतिहास, वाणिज्य व चित्रकला या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन हाती घेण्याजोगा उपक्रम आहे.