गोड्या पाण्याचे मोल

तामसीत बसून समुद्राचा विचार करणारा मनुष्य विरळाच. आदिलाबाद जिल्ह्यातील हा मुलूख काळ्या जमिनीचा व कापसाचा; पैनगंगा जवळ, सागर दूर. येथील शेतकरी पाणी किती मिळेल एवढेच विचारतो. ते गोड की खारट, ही शंका त्याच्या मनास शिवत नाही. कोकणकिनाऱ्यावरील शेतकऱ्याचा पहिला प्रश्न मात्र हाच असतो.

रायगड जिल्ह्यातील पेण व अलिबाग तालुक्यांचा खाडीलगतचा सखल भाग ‘खारेपाट’ म्हणून ओळखला जातो. भरतीचे पाणी जेथे सहज पसरावे, अशा भूमीवर मातीचे बांध घालून पूर्वजांनी भातशेती उभी केली. बांधात ‘उघाडी’ ठेवलेली असते. ओहोटीच्या वेळी आतील पावसाच्या पाण्याच्या रेट्याने तिची झडप उघडते, भरतीच्या वेळी बाहेरील पाण्याच्याच दाबाने ती मिटते. युक्ती किती साधी! परंतु झडप कुजली अथवा खेकड्यांनी बांध पोखरला, की एका उधाणात उभे पीक जाते.

आपण व्यापारी, तेव्हा हिशेबच मांडून पाहू. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे तेवढ्या पाण्याबरोबर एकरी ३५ क्विंटल मीठ शेतात उतरते! जेमतेम मचूळ लागणारे, लिटरमागे एकच ग्रॅम क्षाराचे पाणी दिले, तरी दर इंचास एक क्विंटल मीठ जमिनीच्या खात्यावर जमा होते. पाणी उन्हाने उडून जाते, मीठ मागे राहते. आपल्या घरी पाणी गाळून घेण्याची शिस्त आहे. पण मीठ काही वस्त्राने गाळले जात नाही.

हे खाते फेडतो तो पाऊस. कोकणच्या मुसळधार पावसाने वरच्या थरातील क्षार धुऊन निघतात व भात तग धरते. काळा राता, भुरा राता हे जुने वाण खारटपणा सोसणारे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानेही असे वाण दिले आहेत. पावसाळा सरला, की खालचे खारे पाणी वर चढू लागते, मातीवर पांढरी पापडी धरते आणि एका भातानंतर बहुतेक जमीन पडून राहते. दुसरे पीक हवे, तर गोडे पाणीच हवे.

अलिबागचा पांढरा कांदा आपणांस ठाऊक आहेच. त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. भातानंतर घेतले जाणारे हे पीक मिठाच्या बाबतीत भाताहूनही नाजूक! ज्याच्या विहिरीस गोडे पाणी, त्याच्याच दारी कांद्याच्या माळा.

बांधांसाठी १९४८ साली खारजमीन कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला. खारे पाणी बाहेर राखण्याचा असा विचार झाला. गोडे पाणी आत आणण्याचा तितका झाला नाही, असे आमचे मत आहे. पेण तालुक्यातच भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण उभे आहे, आणि त्याचे पाणी नवी मुंबईची तहान भागविते. शहरास पाणी नको, असे कोण म्हणेल? तथापि, खारेपाटातील शेतकऱ्याने त्याच पाण्याकडे आशेने पाहिले, तर त्यात वावगे काय?

विहिरींची गोष्ट अधिक नाजूक आहे. किनाऱ्यालगत भूगर्भात गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्यावर तरंगते. शास्त्राचा ठोकताळा असा, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी उभे असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. म्हणजेच वरची पातळी कायमची फूटभर उतरली, तर खालून खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकते. पंप लावणारा शेतकरी वरचे एक फूट पाहतो. खालचे चाळीस त्यास दिसत नाहीत. कोकणातील कोणी आडतदार बंधू अशा विहिरीच्या भरवशावर कांद्यासाठी उचल देणार असेल, तर त्याने त्या विहिरीचे पाणी कार्तिकात नव्हे, वैशाखात चाखून पाहावे.