पाखरं राखण्यासाठी भोंगा : खेळण्यातल्या सर्किटला थोडी दुरुस्ती हवी

शेतकरी बंधूंनो, ज्वारी-बाजरी दुधात आली की चिमण्यांचे थवे आणि सूर्यफुलावर पोपट, हे काही तुम्हाला नवीन नाही. माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर उभं राहायला आता घरात माणूस मिळत नाही. म्हणून बरीच मुलं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातलं आवाज काढणारं सर्किट शेतात आणून लावतात. पण त्यातला बझर म्हणजे डासाची गुणगुण. बांधापर्यंतसुद्धा ऐकू जात नाही. मग कोणीतरी बझर काढून तिथे सरळ भोंगा जोडतो आणि पाच मिनिटांत आयसी तापून जाते.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. या सर्किटमध्ये बहुतेक ५५५ नंबरची आयसी असते. तिच्या ३ नंबरच्या पायातून जास्तीत जास्त २०० मिलीअँपिअर करंट घेता येतो. ८ ओहमचा स्पीकर १२ व्होल्टवर एक अँपिअरच्या वर मागतो. बैलाचं ओझं शेळीवर घातल्यासारखंच झालं.

उपाय म्हणजे मध्ये एक ट्रान्झिस्टर घालायचा. टीआयपी १२२ रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळतो. छापील बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर असे पाय येतात. आयसीचा ३ नंबरचा पाय १ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून बेसला जोडा. एमिटर बॅटरीच्या निगेटिव्हला. भोंग्याची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी कलेक्टरला. भोंग्याच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड टाका. त्याचा पट्टा पॉझिटिव्हकडेच पाहिजे, उलटा बसला तर ट्रान्झिस्टर गेलाच म्हणून समजा. ट्रान्झिस्टरला ॲल्युमिनियमची पट्टी लावा. पॉझिटिव्ह वायरमध्ये २ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि आयसीच्या १ व ८ नंबरच्या पायांमध्ये २५ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (त्याची निगेटिव्ह बाजू १ नंबरकडे).

भोंगा ८ ओहमचा, निदान २० वॅटचा घ्या. पहिल्यांदा चालू करताना भोंग्याच्या वायरमध्ये १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स घालून पाहा. आवाज बरोबर निघाला की मग तो काढा.

आता आवाजाची पट्टी. २ व ६ नंबरचे पाय एकत्र, तिथून जमिनीकडे ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ६ आणि ७ मध्ये ४७ किलोओहम, ७ आणि ८ मध्ये १ किलोओहम, एवढं असेल तर साधारण १५०० हर्ट्झचा आवाज येतो. ४७ किलोच्या जागी १० किलोचा रेझिस्टन्स आणि त्याला जोडून १०० किलोचा फिरता व्हॉल्यूम बसवला तर आवाज बदलता येतो. हा बदल कराच. कारण पाखरू हुशार असतं. एकाच जागी एकच आवाज चार-आठ दिवस ऐकला की ते भोंग्यावरच येऊन बसतं. मिनिटभर वाजवा, दहा मिनिटं बंद ठेवा, दोन दिवसांनी जागा हलवा. सोबत बुजगावणं किंवा चमकती फीत असू द्या.

बंद करताना बॅटरीचीच वायर तोडा. भोंगा सतत वाजता ठेवला तर सरासरी पाऊण अँपिअर जातो, म्हणजे १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी एका दिवसातच बसेल. थांबून-थांबून वाजवली तर बरेच दिवस पुरते. घरच्या लाईटवर हे चालवू नका, ओल्या शेतात तर नकोच.

आता सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाऊडस्पीकरला सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो वाजवता येत नाही. शाळा आणि दवाखान्यापासून १०० मीटरच्या आत तर नकोच. म्हणजे रात्री येणाऱ्या रानडुकरांसाठी हा भोंगा कामाचा नाही, त्याचं नुकसान वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करूनच मागावं लागेल. पाखरांसाठी मात्र सकाळी सहानंतरचे दोन-तीन तास आणि दुपार कलल्यावरचा वेळ पुरेसा आहे. भोंग्याचं तोंड गावाकडे न करता पिकाकडे करा, आणि शेजारच्या गोठ्यात दुभती जनावरं असतील तर जोडणीआधी त्या शेजाऱ्याला विचारून घ्या.